जोडीदार सेंटरला निघतो तेव्हा

सैन्यात निवड झालेल्या माणसाच्या हाती रुजू होण्याच्या सूचनांचा कागद येतो. कोणत्या तारखेला, कुठे, किती वाजेपर्यंत हजर व्हायचं, मूळ दाखले कोणते, फोटो किती, कपडे आणि बूट कसे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. एकदा फाटकातून आत पाऊल टाकलं की पहाटे उठण्यापासून रात्री दिवे मालवण्यापर्यंतचा प्रत्येक तास कोणीतरी आखून ठेवलेला असतो. पीटी, ड्रिल, हत्यारांची ओळख, गोळीबाराचा सराव, रोल कॉल. अंग मोडून येतं, घरची आठवण येते, पण आता पुढे काय करायचं हा प्रश्न तिथे पडत नाही.

घरी राहिलेल्या माणसाला तो रोज पडतो. विजेचं बिल कोणाच्या खात्यातून जातं? सासूबाईंचं औषध कुठल्या दुकानातून येतं? चाळीच्या पुनर्विकासाच्या सभेत सही कोणी करायची? फोन आठवडाभर आला नाही तर काळजी करायची की नाही? या माणसासाठी सूचनांचा कागद कोणी काढत नाही. तो दोघांनी मिळून, निघण्याआधी, आपला आपणच तयार करावा लागतो. हे प्रकरण त्यासाठी आहे. उदाहरणं गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातली घेतली आहेत, कारण ताटातुटीत संसार कसा चालवायचा याचा इतका मोठा अनुभव महाराष्ट्रात फार थोड्या वस्त्यांकडे आहे.

गिरणगावाची जुनी शिकवण

शंभर वर्षांपूर्वीची मुंबई ही पुरुषांची मुंबई होती. १९२१ च्या जनगणनेत इथे पुरुषांच्या मानाने स्त्रियांची संख्या जवळजवळ निम्मीच भरली. गिरण्यांत राबणारे हजारो कामगार रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेले, बायकामुलं गावी. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर करायची. मनीऑर्डरची सोय भारतीय टपालखात्यात १८८० मध्ये सुरू झाली आणि कोकणातल्या कित्येक घरांची चूल पुढे तिच्यावरच पेटत राहिली. या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांनीच पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

ज्या गावांतून माणसं गिरणीत आली, त्याच गावांतून पलटणीतही गेली. एक भाऊ परळला साच्यावर, दुसरा पलटणीत, अशी घरं सातारा-रत्नागिरीकडे सहज सापडत. आज मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन म्हणून ओळखली जाणारी ‘जंगी पलटण’ १७६८ मध्ये मुंबईतच उभारली गेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या ठाण्यांचं रक्षण हे तिचं पहिलं काम. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या आणि कुतच्या वेढ्यात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ एवढा काळ तो वेढा चालला. या गावातून इतके जण महायुद्धात गेले, असं सांगणाऱ्या शिळा आजही अनेक गावांत दिसतात. दुसऱ्या महायुद्धात डॉ. बाबासाहेब आंबेडकर दादरच्या ‘राजगृहा’त राहत होते, महारांना पुन्हा सैन्यात स्थान मिळावं हा त्यांचा आग्रह होता, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

त्या पिढ्यांच्या संसाराला सल्लागार नव्हते, पण तीन गोष्टी पक्क्या होत्या. पैसा ठरलेल्या वेळी येत असे. खबर ठरलेल्या वाटेने येत असे. पत्राने, किंवा गावी जाणाऱ्या माणसाच्या तोंडी. आणि अडल्यानडल्याला कोणाच्या दारात जायचं हे आधीच माहीत असे; गावात भावकी, मुंबईत गावकरी मंडळाची खोली. आज लालबागचा मुलगा बेळगावला निघतो किंवा परळची डॉक्टर लखनौला निघते, तेव्हा मागे राहणारं गाव म्हणजे मुंबई असते. दिशा उलटली, तरी लागणाऱ्या गोष्टी त्याच तीन आहेत: पैशाची व्यवस्था, खबरेची व्यवस्था आणि आधाराची व्यवस्था.

कोण कुठे जातं आणि किती काळ

तयारीची सुरुवात नकाशापासून करावी. ‘ट्रेनिंगला गेला’ या दोन शब्दांत फार वेगवेगळे प्रवास मावतात.

सैन्यात शिपाई म्हणून भरती होणारा मुलगा आता अग्निवीर म्हणून जातो. ही योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. सेवा चार वर्षांची, प्रशिक्षणाचा काळ त्यातच धरलेला. पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये रेजिमेंटल केंद्रांत दाखल झाली आणि साधारण ३१ आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, बाहेर पडली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. बेळगावला जायला दादरहूनच गाडी मिळते; पुदुच्चेरीला जाणारी चालुक्य एक्सप्रेस पुणे, सातारा, मिरज करत बेळगाव गाठते. नौदलाचे अग्निवीर ओडिशातल्या चिल्का तळावर जातात. तिथली पहिली तुकडी २८ मार्च २०२३ रोजी सूर्यास्तानंतर झालेल्या संचलनात बाहेर पडली. अडीच हजारांवर अग्निवीर होते, त्यांत अडीचशेहून अधिक मुली.

अधिकारी होणाऱ्यांचा काळ याहून मोठा. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षं आणि सैन्याची शाखा घेतली तर पुढे डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत आणखी एक. पदवीनंतर थेट डेहराडूनला जाणाऱ्याला दीड वर्ष. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ४९ आठवडे.

आणि तिसरा गट, ज्याच्याबद्दल फार बोललं जात नाही, पण मध्य मुंबईत जो हमखास भेटतो: आधीच नोकरी किंवा व्यवसायात स्थिरावलेली माणसं. परळच्या इस्पितळांत शिकलेला डॉक्टर आर्मी मेडिकल कोअरमध्ये निवडला गेला, तर सुरुवातीच्या प्रशिक्षणासाठी लखनौला जातो. बँकेत किंवा कंपनीत काम करणारा कोणी टेरिटोरियल आर्मीत अधिकारी होतो. हे दल ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते सुरू झालं. त्यातला माणूस एरवी आपल्या नोकरीत असतो आणि वर्षातून ठरावीक काळ गणवेशात जातो. शिवाय कमिशन मिळाल्यावर डेहराडूनला तीन महिन्यांचं प्रशिक्षण असतं. लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला नोकरीत परत घेण्याची तरतूद टेरिटोरियल आर्मीच्या १९४८ च्या कायद्यातच आहे. घरातल्यांनी ही गोष्ट निघण्याआधी त्याच्या कार्यालयाकडून लेखी करून घ्यावी.

जोडीदाराने एका कागदावर चारच गोष्टी लिहून भिंतीवर लावाव्यात: प्रशिक्षणाचं ठिकाण, तिथला पूर्ण टपाल पत्ता, सुरू होण्याची आणि संपण्याची अपेक्षित तारीख, केंद्राचा कार्यालयीन फोन. तारखा पुढेमागे होतात. आजारपण आलं किंवा एखादी चाचणी पार झाली नाही, तर प्रशिक्षणार्थीला मागच्या तुकडीत टाकलं जातं आणि महिने वाढतात. असं घडलं तर ती त्याची नाचक्की नव्हे. ही शक्यता आधीच बोलून ठेवलेली असली की धक्का कमी बसतो.

लग्नाचा नियम, आणि नाव नसलेली जागा

प्रशिक्षणाच्या काळात जोडीदाराची कायदेशीर जागा काय, हे बहुतेक घरांना फार उशिरा कळतं. अग्निवीर म्हणून फक्त अविवाहितांनाच अर्ज करता येतो आणि चार वर्षं संपेपर्यंत लग्न करता येत नाही. डेहराडून किंवा चेन्नईला निघणाऱ्या अधिकारी उमेदवाराला प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून द्यावं लागतं. मध्येच लग्न केलं तर त्याला काढून टाकलं जातं आणि सरकारने केलेला खर्चही परत द्यावा लागू शकतो. हवाई दलाच्या अकादमीसाठी २५ वर्षांवरचे विवाहित अर्ज करू शकतात, पण त्यांना प्रशिक्षणादरम्यान कुटुंबासाठी घर मिळत नाही आणि बाहेर कुटुंबासोबत राहण्याचीही परवानगी नसते.

म्हणजे लालबाग-परळमधली जी मुलगी स्टेशनवर निरोप द्यायला येते, ती बहुतेक वेळा ‘बोलणी झालेली’ किंवा साखरपुडा झालेली असते. सैन्याच्या नोंदीत तिचं नाव कुठेच नसतं. काही झालं तर कळवण्यासाठी नाव आईवडिलांचं, वारस म्हणून नाव आईवडिलांचं. प्रशिक्षण संपताना कसम परेड होते, तिथलं निमंत्रण आईवडिलांना जातं आणि काही केंद्रांत त्यांना गौरवपदकही दिलं जातं. त्या अभिमानावर त्यांचा हक्क आहेच. पण या काळात त्या मुलीपर्यंत खबर पोहोचण्याची एकमेव वाट त्याच्या घरातून जाते, हे दोन्ही घरांनी ओळखायला हवं.

यावर उपाय साधा आहे आणि तो मोठ्यांनी करायचा आहे. मुलाच्या आईने किंवा वहिनीने स्वतःहून सांगावं: “त्याचा फोन आला की मी तुला कळवत जाईन, आणि तुला आधी आला तर तू मला सांग.” हे एक वाक्य दोन घरांतली कित्येक गाऱ्हाणी टाळतं. रविवारच्या दहा मिनिटांच्या फोनवर आई आणि होणारी बायको अशा दोघींचा हक्क असतो. तो वेळ कसा वाटायचा हे आधीच ठरवलं नाही, तर आतल्या मुलावर दोन्हीकडून ताण येतो. साखरपुड्याची घाई करणाऱ्या घरांना एक विनंती: चार वर्षांनंतर अग्निवीरांपैकी २५ टक्क्यांपर्यंतच कायम सेवेत घेतले जातात. हा हिशेब मुलीसमोर आणि तिच्या आईवडिलांसमोर मोकळेपणाने मांडा. माहिती असून दिलेला होकार पुढे टिकतो.

विवाहितांसाठी पहिलं काम म्हणजे लग्नाची नोंदणी. मुंबईत ती महापालिकेच्या विभाग कार्यालयात होते: परळ-लालबागला एफ दक्षिण, दादरला जी उत्तर. नोंदणीच्या दाखल्यावरून सैनिकाने आपल्या कार्यालयात ‘पार्ट टू ऑर्डर’ काढून घ्यायची असते. ती निघाली की पत्नीचं किंवा पतीचं नाव सेवानोंदीत चढतं. पुढे वैद्यकीय सोय, ओळखपत्र, विमा, निवृत्तिवेतन सगळं त्या नोंदीवर उभं राहतं. नावाचं स्पेलिंग आधार, लग्नाचा दाखला आणि सेवानोंद या तिन्हीकडे अक्षरशः एकच हवं. माहेरचं नाव एका ठिकाणी आणि सासरचं दुसरीकडे राहिलं, तर ते दुरुस्त करण्याचे हेलपाटे मागे राहणाऱ्यालाच घालावे लागतात.

कागदांची एक संध्याकाळ

निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी दोघांनी एक संध्याकाळ फक्त कागदांसाठी ठेवावी. टीव्ही बंद, फोन बाजूला, फाइल आणि पेन समोर. यादी साधारण अशी होते.

ओळखीचे कागद: आधार, पॅन, दाखले यांच्या स्वच्छ प्रतींचे दोन संच. एक त्याच्यासोबत, एक घरी. मूळ प्रमाणपत्रं सोबत नेली असतील तर कोणती नेली याची यादी घरात राहिली पाहिजे.

बँक आणि विमा: कोणतं खातं कुठे, कोणता हप्ता कोणत्या तारखेला जातो, नामनिर्देशन कोणाच्या नावे आहे. एक संयुक्त खातं असावं आणि त्यातून रोजचा खर्च चालावा. त्याचं जुनं सिम कार्ड घरी राहणार असेल, तर बँकेचे संदेश कोणत्या नंबरवर येतात हे तपासा. ओटीपी बेळगावच्या बंद कपाटातल्या फोनवर जात राहिला, तर घरातला व्यवहार अडतो.

घराचे कागद: या भागात हा सगळ्यात नाजूक विषय. जुन्या उपकरप्राप्त इमारती, पागडीच्या खोल्या, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी, सगळीकडे पुनर्विकासाची हालचाल आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. बाकीच्या ठिकाणीही संमतिपत्रं, पात्रतेची तपासणी, करारनामे ही कामं सुरू असतात. भाडेपावती निघणाऱ्याच्या नावावर असेल आणि सही करायला तो नसेल, तर घर अडचणीत येऊ शकतं. म्हणून वकिलाच्या सल्ल्याने मर्यादित कामांपुरतं मुखत्यारपत्र करून ठेवावं. कोणत्या कामासाठी, किती मुदतीसाठी, हे त्यात स्पष्ट हवं. सगळे अधिकार एकगठ्ठा देणारं मुखत्यारपत्र नात्यातल्या माणसालाही देऊ नये. आजोबा किंवा वडील गिरणी कामगार असतील, तर म्हाडाच्या घरांसाठी केलेल्या अर्जाची पावती आणि गिरणीतले पुरावेही याच फाइलमध्ये ठेवावेत.

आणि शेवटचा कागद: माणसांची यादी. नळाचा माणूस, गॅसवाला, घरचा डॉक्टर, सोसायटीचा सचिव, मुलांच्या बाई, रात्री दोन वाजता दार ठोठावता येईल असे दोन शेजारी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबरही त्यात असावा. ही कार्यालयं केवळ माजी सैनिकांसाठी आहेत असा समज आहे. सेवेत असलेल्या सैनिकांच्या कुटुंबांच्या अडचणींत मदत करणं हेही त्यांचं काम आहे.

पैशाचा स्पष्ट हिशेब

अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये मिळतात. त्यातले ३० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, सेवानिधीत जातात आणि २१,००० हातात येतात. सरकारही निधीत तेवढीच भर घालतं. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात. सेवेच्या काळात ४८ लाखांचा विमा असतो आणि त्याचा हप्ता अग्निवीराकडून घेतला जात नाही. अकादमीतल्या अधिकारी प्रशिक्षणार्थीला महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन असतं.

आकडे सांगण्याचं कारण असं की गैरसमज इथेच सुरू होतात. ‘सरकारी पगार सुरू झाला’ या आनंदात घरची मंडळी पहिल्याच महिन्यात हप्ते ठरवून मोकळी होतात. सुरुवातीला खातं उघडणं, नोंदी चढणं यात वेळ जातो आणि पहिला पगार हाती यायला उशीर होऊ शकतो. म्हणून तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच निघावं. किती रक्कम घरी येणार, किती त्याच्याकडे राहणार, धाकट्या बहिणीच्या शिक्षणाला किती, हे आकड्यांत ठरवून घ्यावं. जोडीदार स्वतः कमावती असेल, तर तिच्या पगारावर घर चालतं आहे याची दखल सर्वांसमोर घेतली जावी. तिने न बोलता भार उचलावा अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

निघण्याआधीची भांडणं

तारीख जवळ आली की प्रेमाच्या माणसांत खटके उडू लागतात. बॅगेत काय भरायचं यावरून, मित्रांना दिलेल्या संध्याकाळीवरून, अगदी चहात साखर जास्त पडली म्हणूनही. ‘आठ दिवस राहिलेत आणि आम्ही भांडतोय’ याचं दोघांनाही अपराधी वाटतं. असं वाटून घेण्याचं कारण नाही. नौदलातल्या कुटुंबांचं आयुष्य जवळून पाहणाऱ्या कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी १९८७ मध्ये अमेरिकन नौदलाशी संबंधित ‘प्रोसीडिंग्ज’ या मासिकात दीर्घ ताटातुटीचे सात टप्पे मांडले. त्यातले पहिले दोन टप्पे माणूस घरात असतानाच येतात. आधी वियोगाची चाहूल लागते, मग दोघंही मनाने थोडे दूर सरकतात. जो जाणारच आहे त्याच्यावर रागावून राहणं हे त्याच्यासाठी रडण्यापेक्षा सोपं असतं. मन आपलं रक्षण तसं करतं.

हे माहीत असलं की भांडण थांबतंच असं नाही, पण त्याचा अर्थ बदलतो. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत मोठे निर्णय घेऊ नयेत. नातेवाइकांच्या भेटी, सत्कार, सत्यनारायण यांना मर्यादा घालावी. मंडळाच्या कार्यकर्त्यांचं प्रेम खरं असतं, पण प्रत्येक संध्याकाळ त्यांना देता येत नाही. एक दिवस फक्त दोघांचा ठेवावा. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा, गिरगाव चौपाटीवर चाला, घरात दोघांना जागा नसेल तर राणीच्या बागेत जा. चाळीतल्या एका खोलीत सात माणसं राहत असताना निवांत बोलण्यासाठी जागा शोधावी लागते आणि ती शोधून देणं हेही घरातल्या मोठ्यांचं काम आहे. त्या दिवशी घाबरायला होतं का, कशाची भीती वाटते, हे एकमेकांना विचारावं. निघणाऱ्यालाही भीती असते. ‘मर्द आहेस’ म्हणत ती त्याला कोणी गिळायला लावू नये.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना खोटं सांगू नका. ‘बाबा बाजारात गेलाय’ हे सोपं वाटतं, पण पुढे कोणीही बाजारात निघालं की मूल घाबरतं. कॅलेंडरवर परतीचा महिना दाखवा. गणपतीत बाबा नसतील, हे गणपती यायच्या आधीच सांगा. प्रशिक्षणार्थीला सणासाठी सुट्टी मिळेल असं धरून चालता येत नाही. लालबागसारख्या ठिकाणी, जिथे गणेश गल्लीचा उत्सव १९२८ पासून आणि लालबागच्या राजाचा १९३४ पासून चालत आला आहे, तिथे त्या दहा दिवसांतली उणीव सगळ्यात जास्त बोचते. त्या दिवसांत जोडीदाराला एकटं राहू द्यायचं नाही, हे मंडळाने आणि शेजाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

खबर कशी ठेवायची

सुरुवातीच्या काळात मोबाइल बहुधा जमा केला जातो आणि ठरलेल्या वेळीच हातात मिळतो. म्हणून नियम करावा: फोन आला नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा घ्यायचा. वाईट बातमी केंद्राकडून लगेच कळवली जाते. शांततेचा अर्थ बहुतेक वेळा थकवा किंवा शिक्षा म्हणून गेलेला रविवार एवढाच असतो. फोनवर मिळालेली दहा मिनिटं तक्रारींच्या यादीत घालवू नयेत, आणि सगळं छान आहे असं नाटकही करू नये. एक अडचण, एक चांगली गोष्ट, एक प्रश्न, एवढं पुरतं.

पत्र लिहा. टपालाने गेलेलं चार ओळींचं पत्र तो पुन्हा पुन्हा वाचू शकतो, फोन पुन्हा ऐकता येत नाही. पत्रात घरच्या साध्या गोष्टी लिहाव्यात: मसाला गल्लीत यंदा मिरची कशी मिळाली, जिना दुरुस्त झाला का, मुलाचा दात पडला.

समाजमाध्यमांबाबत मात्र काटेकोर राहा. जुलै २०२० मध्ये सैन्याने आपल्या माणसांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अॅप फोनमधून काढायला सांगितली, इतका हा विषय गंभीर आहे. त्याचा गणवेशातला फोटो, केंद्राचं नाव, प्रवासाची तारीख, तुकडीचा क्रमांक यातलं काहीही टाकू नका. ‘मी त्याच्या कार्यालयातून बोलतोय’ म्हणत माहिती किंवा पैसे मागणारा फोन आला, तर तो ठेवून केंद्राच्या अधिकृत नंबरवर स्वतः चौकशी करा.

मन फार खचलं तर मदत मागण्यात कमीपणा नाही. १४४१६ हा ‘टेलि मानस’चा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

ती निघते तेव्हा

निघणारा नेहमी पुरुषच असतो, हे गृहीत धरण्याचे दिवस संपले. ८ मे २०२१ रोजी बेंगळुरूत ८३ तरुणी ६१ आठवड्यांचं प्रशिक्षण पूर्ण करून लष्करी पोलीस दलात दाखल झाल्या. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली. त्या १७ जणी होत्या.

साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात हुतात्मा झाले. दोन मुलांची आई असलेल्या स्वाती महाडिक यांनी त्यानंतर निवडचाचणी दिली, चेन्नईचं प्रशिक्षण पूर्ण केलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझमध्ये हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी कनिका राणे यांचा मुलगा तेव्हा अगदी लहान होता. त्यांनीही चेन्नई गाठली आणि २०२० मध्ये गणवेश चढवला. त्यांच्या धैर्याचं कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये: आई प्रशिक्षणाला जाते तेव्हा मुलांची रोजची व्यवस्था आधी कोणीतरी उभी करावी लागते. आजीआजोबा, निवासी शाळा, मामा, मावशी, जे असेल ते.

परळची डॉक्टर लखनौला निघते आणि नवरा घरी राहतो, तेव्हा या प्रकरणातलं सगळं त्याला लागू होतं. कागदांची संध्याकाळ त्याच्यासाठीही आहे, फोनची वाट त्यालाही पाहावी लागते. फरक एवढाच की त्याला आधार देण्याची सवय समाजाला अजून लागलेली नाही. डबा घेऊन त्याच्याकडे शेजारीण जाते, पण तो कसा आहे हे विचारायला मित्र जात नाहीत. मित्रांनी जावं.

पहिली सुट्टी

प्रशिक्षण संपतं, माणूस घरी येतो आणि घराला वाटतं की आता सगळं पूर्वीसारखं होईल. दुसऱ्या महायुद्धानंतर रूबेन हिल या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या अशा ताटातूट सोसलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९४९ मध्ये तो पुस्तकरूपात आला. त्यातून दिसलं की वियोग सांभाळणं आणि पुनर्मीलन सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. लोगन यांच्या सात टप्प्यांतही परतल्यावर संसाराच्या अटी पुन्हा ठरवण्याचा एक स्वतंत्र टप्पा आहे.

आपल्या घरांत तो टप्पा बहुधा न बोलता ढकलला जातो. सहा महिने बँक, दुरुस्ती, सभा, मुलांची शाळा सगळं तिने सांभाळलं, आणि तो आल्या दिवशी फाइल आपोआप त्याच्या हातात जाते. दहा-पंधरा दिवसांनी तो पलटणीत जातो आणि फाइल पुन्हा तिच्याकडे येते. ही देवघेव दोघांनाही थकवते. तोही बदलून आलेला असतो. पहाटे उठतो, कमी बोलतो, जेवताना घाई करतो, घरातली अव्यवस्था त्याला टोचते. पहिले दोनतीन दिवस कोणीही कोणाला सुधारू नये. त्यानंतर पुन्हा एक संध्याकाळ कागदांसाठी काढावी. या वेळी प्रश्न वेगळे असावेत: मी नसताना तू काय काय शिकलीस? त्यातलं तुझ्याकडेच काय राहावं? मला काय परत हवंय?

प्रशिक्षणाचे महिने ही पुढच्या कित्येक वर्षांची पहिली फेरी आहे. नियमित सैनिकाचं किंवा अधिकाऱ्याचं आयुष्य बदल्या, सरहद्दीवरच्या नेमणुका आणि मोजक्या सुट्ट्या यांत जातं. या पहिल्या वेळी घरात जी पद्धत बसते, तीच पुढे चालत राहते. पहिल्या वेळी सगळे निर्णय ‘तो आला की बघू’ म्हणून अडकवून ठेवले, तर ते घर वीस वर्षं त्याच्या सुट्टीची वाट पाहत राहतं. पहिल्या वेळी मागे राहणाऱ्याला सही करण्याचा अधिकार, खर्च करण्याचा विश्वास आणि चुकण्याची मुभा मिळाली, तर त्या घरात दोघांचाही संसार उभा राहतो. त्याला तिकडे कोणी तयार करत असतं. तिच्या तयारीची जबाबदारी त्या दोघांची आणि आपल्या सगळ्यांची आहे, आणि ती गाडी सुटण्याच्या आधी पार पडली पाहिजे.